आयरिश नाच कानांनी बघायचा

१७ मार्च जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी व्हिडिओ येतोच. सेंट पॅट्रिक डे, हिरवे कपडे, ओळीत उभी राहून नाचणारी पोरं. कमरेखाली वीज आणि कमरेवर शुकशुकाट. यंदा आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "अगं, यांचे हात कुणी बांधून ठेवलेत का?" मी डब्लिनमध्ये राहते आणि दोन वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात हाच नाच शिकते आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. आईला तेव्हा दिलेलं उत्तर अर्धवट होतं, कारण गॅसवर कुकर होता. हे सविस्तर.

स्टेप म्हणजे एक पाऊल नव्हे

पहिला गोंधळ नावातच आहे. 'स्टेप डान्स'मधली स्टेप म्हणजे एक पाऊल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आठ 'बार'चा पायांचा एक पूर्ण तुकडा म्हणजे एक स्टेप. बार हा तिकडच्या संगीतातला शब्द. आपल्याकडे आवर्तन साधारण तेच काम करतं, म्हणून पुढे मी आवर्तनच म्हणते. जाणकारांनी चालवून घ्यावं.

आठ आवर्तनं उजव्या पायाने सुरू करून नाचायची आणि लगेच तेच्या तेच, आरशात बघितल्यासारखं, डाव्या पायाने. यामागे धुनेची रचना आहे. बहुतेक आयरिश नाचाच्या धुनांचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. म्हणजे एकूण ३२. पहिल्यांदा भाग वाजला की उजवा पाय, तोच भाग परत वाजला की डावा. हे कळल्यावर व्हिडिओ वेगळाच दिसायला लागतो, कारण आता पाय कधी बदलणार ते आपल्याला आधीच माहीत असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. संगीत सुरू झाल्या झाल्या कुणी नाचत नाही. पहिली आठ आवर्तनं नाचणारा ताठ उभा असतो, शेवटी शेवटी एक पाय पुढे टोकावर ठेवतो आणि नवव्याला उचलतो. नवख्याला वाटतं, बिचारा स्टेप विसरला. तो मोजत असतो.

ताल ओळखायचा तर न्याहारी आठवा

सगळ्यात ओळखीचे दोन ताल: जिग आणि रील. जिगच्या एका आवर्तनात सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन गटांत. तुम्ही जन्मभर भावगीतांत दादरा ऐकलाय, तर जिग तुमच्या कानाला परकी नाही. फक्त ती बरीच पळते. इथले वादक नवशिक्यांना 'रॅशर्स अँड सॉसेजेस' असं म्हणत जिग शिकवतात. डुकराच्या मांसाच्या चकत्या आणि सॉसेज, म्हणजे इथली भरभक्कम न्याहारी. शब्द भराभर म्हणून बघा, सहा अक्षरं बरोबर तीन-तीन अशी पडतात. रीलसाठी 'डबल डेकर, डबल डेकर'. ती केरव्यासारखी, चार-चारच्या गटांत सरळ धावते.

हॉर्नपाइप चारचीच असते, पण झोके घेत चालते. एक लांब, एक आखूड. आणि स्लिप जिग नऊ मात्रांची, तीन गुणिले तीन. ती मऊ बुटांत नाचतात, बहुधा मुली, आणि त्यात पाय जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतात. मला विचाराल तर या सगळ्या नाचातली सर्वांत देखणी गोष्ट स्लिप जिग आहे. वाद घालायला मी तयार आहे.

बूट हे वाद्य आहे

बूट दोन प्रकारचे. मऊ बूट म्हणजे काळ्या चामड्याचे, घोट्यापर्यंत नाड्या आवळलेले, जवळजवळ मोजेच. यांचा आवाज होत नाही. इथे उडी, टाच आणि सफाई बघतात. मुलांच्या मऊ बुटाला मात्र टाच असते, आणि ते हवेत टाचेवर टाच आपटून कडक आवाज काढतात.

दुसरे कठीण बूट. पुढच्या टोकाला आणि टाचेला फायबरग्लासचे जाड ठोकळे. पूर्वी लाकूड, चामड्याचे थर, खिळे असं काय काय असायचं. टोकाचा आवाज वेगळा, टाचेचा वेगळा, आणि दोन टाचा एकमेकींवर घासल्या की तिसराच. यातला मूळ बोल म्हणजे 'ट्रेबल': पायाचं टोक जमिनीला घासत पुढे फेकायचं आणि तसंच मागे ओढायचं. एका झटक्यात दोन आवाज. मराठी माणसाला घुंगरांची सवय. घुंगरू पावलामागून झणकारतात, थोडी चूक त्या झणकारात विरघळून जाते. इथे तबल्यावरच्या बोटासारखं आहे. चुकलं की उघडं पडतं.

हे मला कळलं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आमचा वर्ग चर्चच्या मागच्या सभागृहात भरतो. घड्याळ बंद, खुर्च्या भिंतीला रचलेल्या, चहाच्या मोठ्या भांड्याचा वास. त्या दिवशी बाईंनी आम्हा नऊ जणांना ओळीत उभं केलं, स्वतः पाठ फिरवली, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, नाचा. आम्ही नाचलो. त्या न वळता म्हणाल्या, "डावीकडून दुसरी. दुसऱ्या ट्रेबलचा मागचा आवाज खाल्लास." डावीकडून दुसरी मीच होते. बाईंनी मला पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग हात का हलत नाहीत?

आता आईचा प्रश्न. यावर कथा भरपूर आहेत. एक म्हणते, पाद्र्यांना हातवारे अश्लील वाटायचे, म्हणून त्यांनी मना केलं. दुसरी म्हणते, इंग्रजांच्या काळात आयरिश लोक अर्ध्या दारामागे (खालचा अर्धा भाग बंद, वरचा उघडा) चोरून नाचायचे. बाहेरून बघणाऱ्या शिपायाला माणूस नुसता उभा दिसावा म्हणून वरचा भाग स्थिर. तिसरी, घरं लहान होती. कथा रंगतदार आहेत, पण एकीलाही भक्कम पुरावा नाही. शिपायाच्या कथेत तर साधा घोळ आहे: बुटांचा एवढा खडखडाट आणि फिड्ल, म्हणजे व्हायोलिन, चालू असताना त्या शिपायाचे कान कुठे गेले होते?

जे ठामपणे माहीत आहे ते जरा कमी नाट्यमय आहे. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये फिरते नाचमास्तर असायचे. आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ १७७० च्या दशकात इथे हिंडला. त्याने लिहून ठेवलंय की गरिबांच्या झोपडी-झोपडीतून नाच चालतो, मास्तर बॅगपाइपवाला किंवा आंधळा फिड्लवाला बरोबर घेऊन फिरतात आणि तीन महिन्यांचे सहा पेन्स घेतात. हे मास्तर पायांबरोबर उभं कसं राहावं, वागावं कसं हेही शिकवत. अंग सावरलेलं आणि पाय चपळ, यात त्यांची प्रतिष्ठा होती. नाचायला जागा म्हणजे बिजागऱ्यांवरून उतरवलेलं दार, टेबल नाहीतर पिंपाचं झाकण. चांगला नाचणारा थाळीएवढ्या जागेत नाचतो, ही त्या काळची कौतुकाची भाषा. पुढे विसाव्या शतकात स्पर्धा आल्या, परीक्षक आले, गुणपत्रिका आल्या, आणि सावरलेलं अंग हळूहळू ताठ अंग झालं.

हात सगळ्याच आयरिश नाचात बांधलेले नसतात, हेही सांगायला हवं. पश्चिमेकडे कॉनेमारा भागात 'शॅन-नोस' नाच आहे. शब्दाचा अर्थ 'जुनी रीत'. त्यात हात मोकळे, पाय जमिनीलगत, आणि बराचसा नाच त्या क्षणी सुचलेला. तो बघितल्यावर वाटतं की हा नाचणारा गप्पा मारतोय आणि स्पर्धेतला भाषण देतोय.

पण कारण काहीही असो, परिणाम बघा. वर काही घडत नसल्यामुळे नजरेला खाली उतरावंच लागतं, आणि खाली पाय इतके भराभर चालतात की डोळे थकून काम कानांवर सोपवतात. आमच्या वर्गात सुरुवातीला मुठीत कागदाची गोळी धरायला देतात. हात सैल पडला की गोळी पडते. पहिल्या दिवशी माझी गोळी चार वेळा पडली, आणि ती उचलताना मी शेजारणीच्या पायावर पाय दिला तो हिशेब वेगळा.

जितका तयार, तितका सावकाश

हे ऐकून माझ्या नवऱ्याचा विश्वास बसला नव्हता. स्पर्धेत नवशिक्यांसाठी रील जास्त वेगात वाजते आणि वरच्या श्रेणीतल्यांसाठी हळू. मिनिटाला साधारण ११३ ठोके. उलटं वाटतं ना? शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना वाटणार नाही. विलंबित लय कठीण, कारण दोन मात्रांमधली मोकळी जागा भरायची असते. नवशिका त्या जागेत एक पाऊल टाकतो. तयार नाचणारा तेवढ्यात उडी, हवेत पायांची कात्री, दोन ट्रेबल असं सगळं बसवतो. संगीत हळू होतं तेव्हा पाय जास्त चालतात.

हा टॅप डान्सच की!

नातं आहे, पण मुलगी आणि मावशी एक नव्हेत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळातून पळालेले आयरिश लोक न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या गरीब वस्त्यांत पोचले. तिथे आफ्रिकन-अमेरिकन नाचणारे आधीपासून होते. एकमेकांच्या जुगलबंद्या झाल्या, उसनवारी झाली आणि त्या मिश्रणातून पुढे अमेरिकन टॅप घडला. टॅपमध्ये बुटाला धातूच्या पट्ट्या असतात, गुडघे सैल, अंग झुलतं, ठेका मागे-पुढे ओढतात. आयरिश नाच पायाच्या चवड्यावर उंच, पाय एकमेकांवर ओलांडलेले, पावलं बाहेर वळलेली. टॅप जमिनीत रुततो, हा जमिनीवरून सुटायला बघतो.

'पारंपरिक' म्हणजे नक्की किती जुनं?

इथे जरा थांबते, कारण मला सगळ्यात रस यात आहे.

१८९३ मध्ये डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन झाली. आयरिश भाषा आणि संस्कृती इंग्रजीखाली गाडली जातेय, ती वर काढायची, हा हेतू. १८९३ हे साल वाचून पुणेकरांचे कान टवकारतील. टिळकांनी गणपती सार्वजनिक केला तेही याच वर्षी. दोन्हीकडे इंग्रजांचं राज्य, आणि दोन्हीकडे घरातली, गल्लीतली गोष्ट उचलून मांडवात आणण्याची खटपट. योगायोग आहे, पण बोलका.

लीगने नाचाचं काय केलं? 'केली' नावाचा सार्वजनिक नाचाचा कार्यक्रम सुरू केला. पहिली 'केली' झाली १८९७ मध्ये, आणि ती लंडनला! परदेशी गेलेल्यांना परंपरेची तहान जास्त लागते, हे दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळांना सांगायला नको. मग प्रश्न आला, कुठला नाच आयरिश मानायचा? फ्रेंच क्वाड्रिलपासून (चार जोड्यांचा चौकोनी नाच) आलेले 'सेट' खेड्यापाड्यांत लोकप्रिय होते. लीगने ते परके म्हणून बाजूला सारले. गंमत अशी की जी रील 'आपली' ठरली ती स्कॉटलंडहून आलेली, आणि हॉर्नपाइप चक्क इंग्लंडची.

१९३० च्या सुमारास नाचासाठी वेगळा आयोग झाला. 'कमिशून' म्हणतात त्याला. शिक्षकांच्या आणि परीक्षकांच्या परीक्षा, नियम, श्रेणी सगळं त्याने बांधलं. १९३५ मध्ये सरकारने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा कायदा केला आणि घराघरांत रंगणारे नाच आटले. जागतिक स्पर्धा १९७० पासून, पहिली डब्लिनला.

आणि १९९४. युरोव्हिजन ही युरोपभर टीव्हीवर दिसणारी गाण्यांची स्पर्धा त्या वर्षी ३० एप्रिलला डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये होती. मते मोजेपर्यंतच्या मधल्या वेळात सात मिनिटांचा एक नाच ठेवला होता, 'रिव्हरडान्स'. संगीत बिल व्हेलन यांचं, पुढे जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली. दोघंही अमेरिकेत जन्मलेले! शेवटी कठीण बूट घातलेली लांबच लांब ओळ एकाच वेळी ठोके टाकते, आणि सभागृह उठून उभं राहतं. त्या रात्री कोणतं गाणं जिंकलं हे आज इथेही फार जणांना पटकन आठवत नाही. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्ण लांबीचा कार्यक्रम झाला.

म्हणून 'खरं पारंपरिक की रिव्हरडान्सी' हा वाद मला फारसा पटत नाही. मास्तरांनी बदलला, लीगने बदलला, लंडन-शिकागोने बदलला. जुनी शैली हवीच असेल तर केरी परगण्यातल्या ट्रॅली गावी 'शीमसा टीरा' हे लोकनाट्यगृह आहे. तिथे जेरेमाया मॉलिनो या मास्तराची उत्तर केरीची शैली अजून जपतात: जमिनीलगत, मऊ, कुजबुजल्यासारखी.

आणि ते कुरळ्या केसांचे टोप?

'फेश' म्हणजे स्पर्धा. तिथे एकाच वेळी रंगमंचावर दोघं-तिघं वेगवेगळ्या स्टेप नाचत असतात, कारण प्रत्येक शाळेच्या स्टेप तिच्या शिक्षकांनी बांधलेल्या, घराण्याच्या बंदिशींसारख्या. सर्वांना समान असतात ते काही ठरलेले 'पारंपरिक सेट' (हे एकट्याने नाचायचे, क्वाड्रिलवाल्या सेटशी यांचा संबंध नाही), आणि त्यांच्या धुना मुद्दाम तिरक्या असतात. 'सेंट पॅट्रिक्स डे' या सेटचा पहिला भाग आठ आवर्तनांचा, दुसरा चौदाचा. आठच्या सवयीने मोजणारा तोंडघशी पडतो.

टोप, चमचमणारे खडे, मोजे घसरू नयेत म्हणून चक्क गोंद: हे सगळं स्पर्धेचं. वरच्या श्रेणीतल्या मुलीचा पोशाख सहज हजार युरोंच्या पुढे जातो. २०२२ मध्ये निकाल फिरवल्याचे आरोप झाले आणि कमिशूनला चौकशी नेमावी लागली, तेव्हा वर्तमानपत्रांची पानं भरली होती. माझं स्पष्ट मत: लहान मुलीला एवढं सजवून उभं करण्यात नाचाचं काही वाढत नाही. सुदैवाने स्पर्धेत न जाताही हा नाच पूर्ण शिकता येतो. आमच्या वर्गात टी-शर्ट आणि ट्रॅकपँट चालते.

चाळिशीनंतर? गुडघ्यांचं काय?

आमच्या वर्गात सर्वांत मोठे गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते उड्या मारत नाहीत, सगळं जमिनीलगत करतात, आणि ताल त्यांचाच सर्वांत पक्का आहे. तरी उगाच धीर देत नाही: सगळं वजन चवड्यांवर असल्याने पहिल्या महिन्यात पिंडऱ्या अशा धरतात की जिना उतरताना कठडा लागतो. आधी अंग गरम करा. घरच्या फरशीवर किंवा सिमेंटवर उड्या मारू नका. लाकडी जमीन दणका पिऊन घेते, फरशी तो नडगीला परत करते. कठीण बूट तर फ्लॅटमध्ये नकोच, खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

घरी करून बघायचं तर 'सेव्हन्स' बघा. एक पाऊल पुढे, दुसरं त्याच्या मागे ओलांडून, टाचा वर. उजवीकडे आडवं सरकत सात मोजा, मागचा पाय मागेच ठेवून. मग जागेवर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. सातांना दोन आवर्तनं लागतात, प्रत्येक तिनाला एक. झाली चार. आता हेच डावीकडे. झाली आठ, म्हणजे एक अख्खी स्टेप.

एवढ्या भांडवलावर 'केली'त उतरता येतं. 'वॉल्स ऑफ लिमरिक' या नाचात जोड्या समोरासमोर उभ्या राहतात, पुढे-मागे होतात, सेव्हन्सने सरकून जागा बदलतात आणि मग पुढच्या अनोळखी जोडीपाशी जातात. चुकलात तर समोरचा खांद्याला धरून योग्य दिशेला वळवतो. माझी पहिली 'केली' अशीच, निम्मी दुसऱ्यांच्या हातांनी झाली.

माझी अडचण आता एकच आहे, डावा पाय. उजव्याने स्टेप जमते. धून परतली की डावा पाय नवखा असल्यासारखा उभा राहतो. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. जुन्या मास्तरांच्या शिष्यांना डावं-उजवं कळायचं नाही, म्हणे, तेव्हा मास्तर एका पायाला सुक्या गवताची दोरी बांधत आणि दुसऱ्याला लवचीक फांदीचा वेढा, आणि पायांऐवजी गवताला नि फांदीला हुकूम सोडत. पुढच्या मंगळवारी मी डाव्या बुटाला हिरवी नाडी लावून गेले. बाईंनी ती पाहिली, काही बोलल्या नाहीत, ॲकॉर्डियनवाल्याला खूण केली आणि नवव्या आवर्तनाला ओरडल्या, "हिरवा!"